वर्गशिक्षिकेचे मत

माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त हेवा कशाचा वाटला असेल, तर एका स्टॉपवॉचचा. बायकांना दागिन्यांचा वाटतो, कुणाला बंगल्याचा वाटतो. मला त्या चकचकीत गोल घड्याळाचा वाटला. आमच्या शाळेतल्या एका धाकट्या बाईंच्या गळ्यात ते काळ्या दोरीने लोंबत असायचं. बटण दाबलं की टिक् व्हायचं आणि ते टिक् माझ्या सातवीच्या वर्गापर्यंत ऐकू यायचं. ऐकू येणं शक्यच नव्हतं म्हणा, मधे दोन वर्ग आणि एक जिना होता. पण मला यायचं.

सांगते सगळं. आता या वयात लपवून तरी काय मिळवायचंय?

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी सातवीची वर्गशिक्षिका होते. गणित आणि मराठी शिकवायचे. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. सातवी संपली की हायस्कूल सुरू, आणि तिथेच दोन वाटा फुटायच्या. एकीकडे बीजगणित-भूमिती, दुसरीकडे साधं अंकगणित आणि जोडीला शिवण-गृहशास्त्र. पहिल्या वाटेने गेलेली पोरगी पुढे सायन्सला जाऊ शकायची. दुसरीने गेली की ते दार आठवीतच बंद. तेरा वर्षांच्या पोरीचं पुढचं सगळं फॉर्मवरच्या एका खुणेवर ठरायचं.

ती खूण अकरा वर्षं मी सांगत आले होते. तेव्हा त्याला कुणी मार्गदर्शन-बिर्गदर्शन म्हणत नव्हतं. शुक्रवार पेठेत आमचं घर. भाजी घ्यायला बाहेर पडले की एखादी आई कोथिंबिरीच्या जुडीआडून अडवायची. "बाई, आमच्या पोरीला काय देऊ?" मी म्हणायचे, "भूमिती द्या. घाबरू नका, डोकं आहे." नाहीतर म्हणायचे, "शिवण द्या, उगाच मारून मुटकून गणित नको." कोणती पोरगी बाकाखाली बोटं मोजते, कुणाचा भाऊ गणितं सोडवून देतो, कुणाला घरी दिव्याजवळ जागा मिळत नाही, हे सगळं मला ठाऊक. माझं सांगणं सहसा चुकायचं नाही. कधीमधी चुकलंही असेल, पण कुणी तोंडावर बोललं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत पत्र आलं. पुण्याला महिनाभराचं शिक्षण आहे, एका शिक्षिकेला पाठवा, ती परत येऊन मुलींना विषय निवडायला आणि पुढचा व्यवसाय ठरवायला मार्गदर्शन करील. शाळेत तिच्यासाठी वेगळी खोली आणि वेळापत्रकात वेगळे तास. पत्र स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. मीही मान खाली घालून, आपण त्या गावचेच नाही अशी बसले. घरी येऊन मात्र आधी ट्रंक पुसायला काढली. शेजारच्या दोघींना सांगूनही झालं की बाई, महिनाभर घराकडे जरा बघा.

आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, पाठवलं कुणाला? तर दोन वर्षांपूर्वी साताऱ्याकडून आलेल्या, इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मला बोलावून म्हणाल्या, "तुम्हाला घर आहे, मुलं आहेत, महिनाभर कसं जमणार? ती एकटी आहे." मी म्हटलं, "हो की, बरोबरच आहे." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

ट्रंक परत माळ्यावर गेली. नवरा म्हणाला, "आता आठ दिवस डाळीत मीठ जास्त पडणार." डाळ खारट झालीच.

वर तोंडदेखलं मी काय केलं असेल? त्या बाई निघाल्या त्या दिवशी उखळात कुटलेली शेंगाचटणी स्वतःच्या हाताने डब्यात भरून दिली. त्या बिचाऱ्या गहिवरून म्हणाल्या, "ताई, खरं तर तुम्ही जायला हवं होतं." हे त्या मनापासून म्हणाल्या. तेच तर मला सहन झालं नाही. खोटं बोलल्या असत्या तर निदान रागवायला जागा मिळाली असती.

महिन्याने परत आल्या त्या ते घड्याळ गळ्यात घालून. बरोबर एक लाकडी पेटी, तक्ते आणि छापील कार्डांचा गठ्ठा. लेझीम-डंबेल्स ठेवायची खोली रिकामी करून त्यांना दिली. दाराला नवं कुलूप, कपाटाला नवं कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या कमरेला. वर्गातून वर्गात जाताना त्या खुळखुळायच्या. पोरींनी त्यांचं नाव 'मार्गदर्शनबाई' पाडलं. मी स्टाफरूममध्ये त्यांना 'भविष्यवाली' म्हणायचे. एक पोपट तेवढा कमी आहे, असं म्हटल्यावर दोघी-तिघी हसल्या आणि मला चहा गोड लागला.

माझ्या वर्गातल्या पोरी मधल्या सुट्टीत माझ्याभोवती असायच्या, त्या आता त्या खोलीच्या दाराशी रांग लावायला लागल्या. कालपर्यंत "बाई, मी काय होऊ?" म्हणून मला विचारणारी पोरगी मला ओलांडून धावत तिकडे जायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग मी काय करायचे, त्यांचा तास असला की नेमकी त्याच वेळी गणिताची चाचणी ठेवायचे. त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "ताई, पाच मुली सोडता का?" मी फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "चाचणी चालू आहे." त्या म्हणायच्या, "बरं बरं, मी थांबते." आणि खरंच थांबायच्या, बाहेर व्हरांड्यात, उन्हात.

त्या पेटीत काय होतं ते मी एकदा मुद्दाम डोकावून बघितलं. शंभर भोकांची एक फळी आणि बशीत बारीक पिना. एका वेळी तीन पिना चिमटीत उचलायच्या, एका भोकात घालायच्या, मग पुढच्या तीन. सगळी भोकं भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. त्यावरून म्हणे हाताचं उपजत कौशल्य कळतं. याशिवाय बुद्धीच्या चाचणीचा एक छापील कागद होता. त्यात चित्रं होती. पियानो, टेनिसची बॅट, शेकोटीचं धुराडं. पियानो आमच्या पोरींनी कशाला बघितलाय? मीच कधी बघितला नव्हता. पण हे त्यांना सांगायला मी काही गेले नाही.

आता त्या पोरीबद्दल सांगते, जिच्यासाठी हे सगळं आठवतंय.

सातवी 'ब' मधली, तिसऱ्या बाकावरची. सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं विणकराचं घर. बाप मागावर, आई घरी. पोरगी किरकोळ, दोन घट्ट वेण्या, मराठी आमच्या सोलापूरची ठसठशीत. एकदा मी वर्गात कागदाचा त्रिकोण कापला, त्याचे तीन कोपरे फाडले आणि शेजारी शेजारी लावून दाखवले की तिन्ही कोन मिळून सरळ रेघ होते. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. ही उभी राहिली.

"बाई, लई मोठा त्रिकोण काढला तरी?"

"कितीही मोठा काढ."

"येक टोक करमाळ्यात, येक अक्कलकोटात आन् येक हितं आपल्या शाळंत, तरी?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "तरी."

"कुनी मोजून बघितलंय?"

अकरा वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. हातात पुडी. पुडीत वाळक्या पानाचे वीस-बावीस त्रिकोण, कुठला लांबोडका, कुठला बुटका, कुठला सुईसारखा. प्रत्येकाचे कोपरे कापून लाल दोऱ्याने एका रेघेत शिवलेले. "सगळे सरळ येतात, बाई," ती म्हणाली, "येक पन वाकडा येत न्हाई." पुडी नाकाजवळ नेली आणि मला वास आला. तंबाखूचा. तिचा डावा अंगठा बघितला. नख वाढवून टोकदार केलेलं. बिडीचं तोंड दुमडायला ठेवतात तसं.

"बिड्या वळतेस?"

ती एवढीशी झाली. "अम्माला मदत करते. वर्गात सांगू नका की, बाई. पोरी वास येतो म्हनतात."

मी म्हटलं नाही सांगणार. त्याच आठवड्यात ती तापाने आजारी पडली तेव्हा तिच्या घरीही जाऊन आले. आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात चालू आणि तोंडही चालू. पोरगी अंथरुणावर तापाने फणफणलेली आणि तिची बोटं गोधडीच्या काठावर आपोआप वळत होती. घरी येता येता मी मनाशी ठरवूनच टाकलं की या पोरीला भूमिती मिळालीच पाहिजे. ही माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात हुशार पोरगी ठरणार.

मार्चमध्ये मार्गदर्शनबाईंनी सातवीच्या चाचण्या घेतल्या. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. त्या धावतच आत आल्या, घड्याळ अजून हातातच.

"ताई! तुमच्या वर्गातली ती तेलुगू मुलगी! अहो, असे हात मी पुण्यातसुद्धा बघितले नाहीत. पुस्तकात जी सगळ्यात वरची वेळ दिलीय ना, तिच्याही पुढे! मी दोनदा लावून बघितलं. बोटं दिसतच नाहीत. उपजत देणगी आहे हो ही!"

मी लाल पेन खाली ठेवलं. एका क्षणात मला सगळं कळलं. उपजत कसली डोंबलाची! सहा-सात वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी शेकड्यांनी बिड्या वळलेली बोटं ती. तिला तीन पिना चिमटीत धरायला सांगणं म्हणजे भाकरी बडवणाऱ्या बाईला पोळीचा गोळा कर म्हणण्यासारखं. साताऱ्याहून आलेल्या, पूर्व भागापासून लांब, रेल्वे लाईन्सला खोली घेऊन राहणाऱ्या या बाईंना ते कुठून कळणार? एक वाक्य, फक्त एक वाक्य सांगायचं होतं, "अहो, ती बिड्या वळते."

मी नाही सांगितलं.

पोरीला शब्द दिला होता, ही सबब माझ्याकडे तयार होती. पण ती सबब होती. खरं कारण असं की मला त्यांना पडलेलं बघायचं होतं. पुण्याचं शिक्षण, घड्याळ, पिना, कुलूप, किल्ल्या, आणि एवढं करून पहिल्याच वर्षी धडधडीत चूक! सहामाहीला ती पोरगी साध्या अंकगणितात वर्गाच्या मैलभर पुढे धावेल, मग मी मोठ्या बाईंकडे जाईन, दिवाळीच्या आत तिला भूमितीच्या तुकडीत बदलून घेईन आणि सगळ्यांना दिसेल की नजर कुणाची खरी. पोरीचं नुकसान काय, चार महिन्यांचं. ते मी घरी शिकवून भरून काढीन. असा सगळा हिशेब मी त्या वह्यांवर वाकल्या वाकल्या केला आणि वर बघून म्हटलं, "हो का? अगं बाई! छानच की."

एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा कार्डं माझ्याकडे आली. प्रत्येकीचं एक कार्ड. आवड, बुद्धीची चाचणी, हाताची चाचणी, शिफारस, आणि सगळ्यात खाली एक रकाना, 'वर्गशिक्षिकेचे मत'. तिचं कार्ड गठ्ठ्यात मधे कुठेतरी होतं. बुद्धीची चाचणी: मध्यम. तो पियानो भोवला असणार. हाताची चाचणी: अत्युत्तम, शाळेत प्रथम. शिफारस: अंकगणित, शिवण व हस्तव्यवसाय. आणि माझ्या रकान्याशेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "ताई, हात पहिले आहेत, पण मुलगी सारखी भूमितीबद्दल विचारते. माझं चुकत तर नाही ना? तुम्ही तिला वर्षभर रोज बघता. तुम्ही लिहाल ते कायम." त्यापुढे एक मोठं प्रश्नचिन्ह.

दुसरं कुणी असतं तर विरघळलं असतं. मी पेटले. म्हटलं, आत्ता आली का माझी आठवण? शाई स्वतःच्या शिफारशीला आणि मला पेन्सिल? खोली तुमची, किल्ल्या तुमच्या, आणि जोखीम आली की ताई! मी रबर घेतला, ते प्रश्नचिन्ह पुसलं, मजकूर पुसला, रबराचा भुगा फुंकरीने उडवला. आणि रकान्यात शाईने लिहिलं, "सहमत." खाली सही केली, माझी नेहमीची, लांब शेपटीची. त्या टेबलाच्या खणात तिच्या पानाच्या त्रिकोणांची पुडी होती. खण उघडा होता. मी गुडघ्याने तो बंद केला.

दोन दिवसांनी शाळा सुटताना ती माझ्या मागे मागे व्हरांड्यात आली.

"बाई, मला भूमिती मिळंल की?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? आता मार्गदर्शनबाई आहेत ना. त्यांना विचार." तिच्याकडे न बघताच म्हटलं आणि चालू लागले.

पालकांना कार्डं वाटली त्या दिवशी तिची आई आली. डोक्यावर पदर, बोटं तंबाखूने पिवळी. तिला मराठी वाचता येत नव्हतं. ती मार्गदर्शनबाईंच्या खोलीकडे गेली नाही, सरळ माझ्याकडे आली.

"बाई, हे पेपर वाचून दावा की मला."

मी वाचून दाखवलं. हाताचं कौशल्य अत्युत्तम, शाळेत प्रथम. तिने तीन वेळा वाचायला लावलं. "हात? माझ्या पोरीचं हात? साऱ्या शाळंत पैला?" मी हो म्हटलं. "शिक्का हाय का त्यावर?" मी शिक्का दाखवला. "तुमची सही कुटली?" मी सही दाखवली. ती "मंची, मंची", छान, छान, असं तेलुगूत म्हणत कार्ड पदरात गुंडाळून, देवीचा प्रसाद न्यावा तशी घेऊन गेली. मला वाटलं, भोळी आहे बिचारी, पोरगी पहिली आली यातच खूश. शिक्क्याचं हिला काय एवढं, असा विचार एकदा आला आणि गेला.

सुट्टी संपली. जूनमध्ये शाळा उघडली आणि ती पोरगी भूमितीच्या तुकडीत नव्हतीच, ते ठरलेलंच होतं. पण अंकगणिताच्या तुकडीतही नव्हती. आठ दिवस गेले, दहा दिवस गेले. मी कुणाला विचारलं नाही. अकराव्या दिवशी मार्गदर्शनबाई मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसल्या. डोळे लाल.

"ताई, तिचं लग्न ठरलंय. शेजारच्या मुलीने सांगितलं. घरी बिड्या वळतात म्हणे ते लोक. ती लहानपणापासून वळते. आणि मी मूर्ख, उपजत देणगी, उपजत देणगी करत नाचत होते!" आणि त्या सगळ्यांच्या देखत, टेबलावर डोकं ठेवून रडायला लागल्या. "मला शंका होती हो. म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुम्ही सहमत लिहिलंत, मग मला वाटलं झालं. तुमच्यासारखीची नजर जिथे फसली तिथे माझी काय कथा!"

आता बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. आणि बाहेर आलं ते एवढंच, "हो ना. मीसुद्धा फसले." वर त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

खरं सांगते, तेव्हा मला त्यांच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला. किती सोपं होतं त्यांना! चुकले म्हणायचं आणि रडून मोकळं व्हायचं. सगळा स्टाफ त्यांना पाणी देत होता. मला पाणी कोण देणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं की हे काम मला झेपत नाही, ताईंना द्या, गावाची माणसं त्यांना कळतात. मोठ्या बाई हो म्हणाल्या. दुपारी मार्गदर्शनबाई माझ्या वर्गात आल्या, गळ्यातलं घड्याळ काढलं, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. "मी तुम्हाला हे आधीच द्यायला हवं होतं," म्हणाल्या. मी दोन्ही उचलून पर्समध्ये टाकलं. सहा महिने ज्याच्यासाठी जळत होते ते सगळं मिळालं आणि मला त्या पर्सला हात लावायची भीती वाटायला लागली.

त्याच संध्याकाळी मी पूर्व भागात त्यांच्या घरी गेले. म्हटलं, जाऊन सगळं निस्तरू. कागदच चुकीचा होता म्हणून सांगू, पोरीला उद्यापासून शाळेत आणू, भूमितीच्या तुकडीत बसवू. आता किल्ली माझ्याच हातात होती ना.

आई बिड्या वळत होती. पोरगी शेजारी बसून वळत होती. मला बघून आई लगबगीने उठली आणि लोखंडी पेटीतून कार्ड काढून आणलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं, वर हळदीकुंकवाची बोटं.

"तुमच्या पायगुणानं झालं, बाई," ती म्हणाली. "आमच्यात पोरगी बघायला आले की आदी मांडीवर सूप देतात. वळून दाव म्हनतात. मी हे पेपर काडून दिलं. त्यांनी शेजारच्याकडून वाचून घेतलं. शाळंत पैला हात, वर सरकारी शिक्का! मग म्हनाले, बघायचं काय राह्यलं? सूप दिलंच न्हाई. आमच्या अख्ख्या आळीत कुनाच्या पोरीला असा पेपर हाय?"

मी कार्ड हातात घेऊन खाली बसले. ज्याच्यावर मी "सहमत" लिहिलं होतं ते कार्ड यांनी बिडी वळण्याचं सर्टिफिकेट म्हणून दाखवलं होतं. आणि त्यांचं काय चुकलं? त्यावर तेच लिहिलेलं होतं.

"अम्मा, तो कागद चुकलाय," मी म्हटलं. "ती बिड्या वळते म्हणून पहिली आली. तिचं डोकं गणिताचं आहे. तिला शिकवा."

"बिड्या वळती म्हनूनच पैली आली की! मग चुकलं कुटं?" मग ती एकदम घाबरली. माझे पाय धरायला लागली. "बाई, पेपर खोटा हाय असं भाईर बोलू नका. ते लोक म्हनतील, पोरगी खपवायला शाळंकडून लिवून आनलं. माझ्या पोरीचं नाव जाईल. तुमचीच सही हाय की त्यावर."

माझाच दात आणि माझाच ओठ. सही खरी म्हणावी तर पोरगी जाते, खोटी म्हणावी तर पोरीची अब्रू जाते. चहा समोर आला तो मी कसाबसा घशाखाली घातला आणि उठले.

पोरगी मला सोडायला दारापर्यंत आली. तिने नख कापलं नव्हतं.

"बाई, येक इचारू?"

"विचार की."

"पिना मी हळू लावायला पायजे होत्या का?"

"नाही ग," मी म्हटलं. "तुझं काही चुकलं नाही."

"मंग कुनाचं चुकलं?"

पुन्हा एकदा देवाने संधी दिली होती. दारात आम्ही दोघीच होतो, ऐकायला कुणी नव्हतं. आणि माझी जीभ, इतकं झाल्यावरही, जुन्या सवयीने तिकडेच वळली. "त्या मार्गदर्शनबाई नव्या आहेत ग," मी म्हटलं. "त्यांना आपल्या सोलापूरचं काय कळणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. वर्गात सोपं गणित चुकलेल्या पोरीकडे मी बघायचे ना, तशी.

"त्यांनी तर तुमाला इचारलं होतं की, बाई," ती म्हणाली. "माझ्या म्होरंच लिवलं त्यांनी, पेन्सिलीनं. मला म्हनल्या, तू काळजी करू नगंस. तुझ्या बाईंना तुझं गनित ठाव हाय, त्या बरूबर लिवतील."

आतून आईने हाक मारली. ती आत गेली आणि तिने सूप मांडीवर ओढून घेतलं. मी चप्पल घालायला खाली वाकले, तर चपलेचा पट्टा काही केल्या माझ्या बोटांनी लागेना.